वलणीचा टेकू: दोरी ताणायची नाही, उचलायची

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे. शाहूपुरीत बैठं घर, मागे अंगण. भिंतीतल्या कडीपासून कुंपणाजवळच्या लोखंडी खांबापर्यंत १० मीटरची नायलॉनची दोरी. ओल्या चादरी टाकल्या की मधोमध एवढा झोळ पडतो की काठ मातीला लागतात. टर्नबकल (फिरवला की दोरी ताणणारा पेच) लावून दोरी कडक ताणली, तर दोन महिन्यांत खांबच आत झुकला. सासूबाई सत्तरीच्या, त्यांचा उजवा खांदा वर जात नाही, म्हणून दोरी कायमची उंच बांधून चालत नाही. उंची कमी-जास्त करता येणारा टेकू फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचा आहे. पाईप कोणता, लॉक कसलं, आणि अर्धं अंगण मुरमाचं, अर्धं शहाबादी फरशीचं असताना खाली पाय कसा ठेवायचा, हे त्यांना हवं आहे.

ताई, सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. सत्तावीस वर्षं पाईप कापतोय, जोडतोय. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या झुकलेल्या खांबात आहे, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

१० मीटरच्या दोरीवर १५ किलो ओले कपडे सारखे पसरून टाकले आणि मध्ये ३० सेंटिमीटर झोळ राहू दिला, तर दोरीत सुमारे ६२ किलोचा ताण येतो. हिशेब असा: कपड्यांचं वजन गुणिले दोरीची लांबी, आणि त्याला झोळाच्या आठपटीने भागायचं. आता तोच झोळ टर्नबकलने १० सेंटिमीटरवर आणा. कपडे तेवढेच, पण ताण होतो १८७ किलो. म्हणजे तीन माणसांच्या वजनाएवढी आडवी ओढ खांबाच्या शेंड्याला लागते. खांब झुकला यात त्याचा काही दोष नाही. दोरी जितकी सरळ करायला जाल तितका ताण वाढत जातो, आणि ती पूर्ण सरळ तर कधीच होत नाही.

आमच्या तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. मांडवाच्या तारा ओढल्या की कडेचा अँगल आत येतो, म्हणून तो बाहेरच्या बाजूला तिरका ताण, म्हणजे मागे ओढून धरणारी तार, देतो आणि तिचं खालचं टोक जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतो. मधे वेलीचं ओझं वाढलं की तार आणखी ओढत बसत नाही, खाली बांबूचा टेकू देतो. तुमच्या अंगणातही हेच करायचं आहे. मधोमध टेकू आला की १० मीटरच्या दोरीचे ५-५ मीटरचे दोन तुकडे होतात. प्रत्येकावर साडेसात किलो, झोळ तोच ३० सेंटिमीटर, आणि ताण उरतो जेमतेम १६ किलो. पूर्वीच्या ६२ चा चौथा हिस्सा.

तेव्हा पहिलं काम, टर्नबकल काढून टाका आणि दोरी मुद्दाम ढिली बांधा. दोन्ही टोकं जमिनीपासून २.१ मीटरवर ठेवा. टेकू न लावता ओले कपडे टाकले की दोरी मध्ये दोन फूट खाली, म्हणजे दीड मीटरवर यायला हवी. ऐकायला जास्त वाटतं, पण त्यासाठी दोरी दहा मीटरपेक्षा फक्त १० सेंटिमीटर जास्त लागते, आणि नायलॉन ओलं झालं की त्यातला काही भाग आपणच वाढतं. दीड मीटर ही उंची सासूबाईंच्या हाताला खांदा न उचलता येते. कपडे टाकून झाले की टेकूने मध्य २.२ मीटरच्या आसपास न्यायचा. दोन्ही बाजूंचे झोळ तेव्हा साधारण १.८५ मीटरवर राहतात. डबल बेडची चादर दोरीवर दुमडून सव्वा मीटर खाली लोंबते, म्हणजे काठ जमिनीपासून दोन फूट वर राहिला.

यात टेकूवर किती भार येतो? आठ-नऊ किलो. फक्त एवढाच. लोक माझ्याकडे येऊन दोन इंची जाड पाईप मागतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर स्लॅबच्या सेंटरिंगचे प्रॉप असतात. तुमच्या टेकूला ताकद लागत नाही. तो हलका हवा, घसरता कामा नये, आणि घरातल्या सगळ्यात कमी जोर असलेल्या माणसाला वापरता यायला हवा. मी या तीन गोष्टींसाठीच पुढचं सगळं लिहितोय.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. उंची कमी-जास्त करायची म्हटलं की प्रत्येकाला पाईपात पाईप सरकवायचं सुचतं. तेही करू, पण रोजची वर-खाली त्याने करू नका. कल्पना करा, दोरीवर ओल्या चादरी आहेत, एका हाताने आतला पाईप आठ-नऊ किलोच्या भारासकट वर ढकलायचा, तसाच धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने भोकं जुळवून पिन घालायची. धडधाकट माणसालाही हे नीट जमत नाही. पिन अर्धी बसते आणि हात काढला की पाईप खाली येतो. बोट सापडतं ते इथेच.

रोजची उंची बदलायची ती टेकू तिरका आणि उभा करून. टेकूची लांबी २.२ मीटरवर पिनने आधीच पक्की करून ठेवा. डोकं दोरीत अडकवा आणि पाय दोरीच्या बाजूला, दोरीशी काटकोनात, दीड मीटर लांब ठेवा. आता डोक्याची उंची १.६ मीटर आहे. कपडे टाका. मग पाय हळूहळू आत सरकवत न्या. पाय एक मीटरवर आला की डोकं १.९६ वर जातं, एका फुटावर आला की २.१८ वर. उचलावं कुठेच लागत नाही, फक्त ढकलावं लागतं, तेही चपलेच्या टोकाने नव्हे, तर वाकून किंवा पाईप कमरेशी धरून. वाळलेले कपडे काढताना उलट. आमच्या घरी बायको हे एका हाताने करते, दुसऱ्या हातात चिमट्यांची टोपली असते.

एक सावधगिरी. पाय लांब असताना टेकू फार तिरका असतो. मुरमात टोक रुतलं तर तो तसा उभा राहतो, फरशीवर राहत नाही. फरशी ओली असेल तर पाय दोन फुटांपेक्षा लांब ठेवून हात सोडू नका. तुमचं अंगण अर्धं-अर्धं आहे, तर दोरीचा मध्य मुरमाच्या बाजूला येईल अशी टोकं बदलता आली तर आजच बदला.

मग पाईपात पाईप कशाला? कारण रोजचे कपडे वेगळे, सहावारी वेगळी, आणि घट बसण्याआधीची धुणी वेगळी. नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण निघतं. आमच्याकडची एक जुनी वाकळ मी कुतूहलाने वजन केली होती: कोरडी तीन किलो, धुऊन निथळत ठेवल्यावर आठ. अशा दोन वाकळी आणि चार चादरी एका दोरीवर पडल्या की झोळ वाढतो, आणि तेव्हा टेकूची मूळ लांबी एक-दोन भोकं वाढवावी लागते. ती भार नसताना, टेकू आडवा ठेवून वाढवायची. टेकू वर्षातल्या त्या आठवड्यासाठी आखा, बाकीचे दिवस तो आपोआप पुरतो.

पाईप सांगतो. बाहेरचा १ इंची, आतला सात सूत (८ सूत म्हणजे एक इंच हे फॅब्रिकेटरला माहीत असतंच), दोन्ही १८ गेज, शक्यतो ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडी, त्यामुळे बाहेरच्या पाईपचं पोट जवळजवळ २३ मिलिमीटर आणि आतला पाईप २२.२. मधे अर्धा-पाऊण मिलिमीटर खेळ राहतो, हवा तेवढाच. १६ गेज घेतलात तर पोट २२.१५ वर येतं आणि सात सूत आत जाणारच नाही. पाऊण इंची घातला तर तो डबा वाजल्यासारखा वाजतो. पाईपच्या आत जोडाची शिवण असते, ती कधी कधी फुगलेली असते. म्हणून दुकानातच एकात एक सरकवून बघा. सरकला तरच बिल करा.

बाहेरचा १.५ मीटर, आतला १.२ मीटर कापा. दोघांचं मिळून वजन दोन किलोच्या आत राहतं. पूर्ण लांबीचा सगळा टेकू त्या बारीक सात सुती पाईपचाच आहे असं धरून हिशेब केला तरी तो वाकायला शंभर किलोच्या वर भार लागतो, आणि तुमचा भार आठ-नऊ. गॅल्व्हनाइज्ड जीआय पाईपही चालतो, पण त्याचा असाच टेकू पाच किलोच्या पुढे जातो आणि भोकं पाडलेल्या जागी जस्त निघून गंज धरतो. तो गंज पावसाच्या पाण्याबरोबर उतरतो आणि पांढऱ्या धोतरावर, शाळेच्या शर्टावर डाग पाडतो. असे डाग सहजासहजी निघत नाहीत.

भोकांची आखणी नीट वाचा. बाहेरच्या पाईपला वरच्या काठापासून ५० मिलिमीटर खाली एकच आरपार भोक. आतल्या पाईपला खालच्या टोकापासून २०० मिलिमीटरवर पहिलं, आणि तिथून दर ७५ मिलिमीटरला एक, अशी बारा भोकं. यातून लांबी सुमारे १.६२ मीटरपासून २.४५ मीटरपर्यंत मिळते, आणि टेकू पूर्ण वाढवला तरी आतला पाईप २५० मिलिमीटर आत राहतो. हे २५० कमी करू नका. व्यासाच्या दसपट तरी पकड हवी, नाही तर अर्ध्या मिलिमीटरचा खेळ शेंड्याला दोन बोटं हलतो, आणि हलणारा टेकू वाऱ्यात पाय सोडतो.

भोकं एका रेषेत आली नाहीत तर प्रत्येक उंचीला पाईप फिरवत बसावं लागतं. रेषा मारायला सोपी युक्ती आहे. पाईप अँगलच्या कोनात झोपवा आणि अँगलच्या काठाला टेकवून टोकदार खिळ्याने ओरखडा काढा. पाईप न हलवता दुसऱ्या काठाने ओढलेला ओरखडा समोरासमोर येतोच असं नाही. समोरच्या रेषेसाठी कागदाची पट्टी पाईपभोवती गुंडाळून तिची बरोबर अर्धी घडी घ्या. दोन्ही बाजूंनी स्वतंत्र सेंटरपंच (ड्रिल घसरू नये म्हणून टोचायचा खळगा) मारा, आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग साडेसहाचं. एका बाजूने सरळ आरपार ड्रिल सोडलं की पलीकडे ते भरकटतं. आतली बूर, म्हणजे भोकाच्या काठाला उठलेली धातूची कड, गोल कानशीने काढलीच पाहिजे, ती राहिली तर पाईप दहा दिवसांत अडकायला लागतो.

लॉक म्हणून ६ मिलिमीटरची पिन. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कडीवाली लिंच पिन मिळते, कडी पलटली की ती निघत नाही. बारीक साखळीने टेकूलाच बांधून टाका, कारण पिन हरवली की लोक खिळा घालतात, आणि खिळ्याला साडी अडकते. सासूबाईंच्या बोटांत जोर कमी असेल तर कुबडीला असतं तसं स्प्रिंगचं बटण बसवता येतं, पण ते धुळीने चिकटतं, दर महिन्याला साफ करावं लागतं.

पेचाने आवळायचं लॉक मात्र करू नका. बाहेरच्या पाईपला नट वेल्ड करून त्यात चावीचा बोल्ट, हे करायला सोपं म्हणून बहुतेक जण तेच करून देतात. मी पहिला टेकू आईसाठी केला तो असाच होता. कोरड्यात छान धरायचा. श्रावणात एक दिवस पाईप ओला, वर भिजलेली वाकळ, आणि तो सर्रकन खाली आला. दोरीचा झोळ आईच्या कपाळाला घासून गेला. पुढे बघितलं तर बोल्टच्या टोकाने आतल्या पाईपला खळगे पडले होते, प्रत्येक वेळी तो त्याच खळग्यात जाऊन बसायचा किंवा त्यातून निसटायचा. तेव्हापासून कपड्याच्या टेकूला मी पिनशिवाय काही लावलेलं नाही.

डोक्याला बेचकं ठेवायची आपली जुनी रीत आहे. बाभळीच्या किंवा निरगुडीच्या दुबेळक्याने पिढ्यान्‌पिढ्या वलणी उचलल्या गेल्या. पण बेचक्यात दोरी नुसती बसलेली असते. वाऱ्याने चादरी फुगून वर उडाल्या की दोरी उचलली जाते, टेकूवरचा भार क्षणभर शून्य होतो आणि तो पडतो. म्हणून ६ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळईला दीड वेढ्याचा पीळ द्या, डुकराच्या शेपटीसारखा, आत वीस मिलिमीटर मोकळी जागा ठेवून. दोरी त्यात फिरवून घातली की आपोआप बाहेर येत नाही, आणि टेकू तिरका-उभा होताना आत सहज फिरते. सळईचं टोक गोल घासा. दोरीच्या मध्यावर या पिळाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटांवर एकेक गाठ किंवा दोरीचा घट्ट वेढा ठेवा, म्हणजे डोकं दोरीवरून घसरत एका बाजूला जाणार नाही. टेकू पडायचं सगळ्यात मोठं कारण हे घसरणंच आहे, आणि उपाय दोन गाठींचा आहे.

पायाबद्दल मी धडा घेतला तो २०१९ च्या महापुरानंतर. पाणी ओसरल्यावर सांगलीत घराघरात एकच काम होतं, धुणं आणि वाळवणं. गाद्यांच्या खोळी, पडदे, सतरंज्या, सगळं. गल्लीसाठी मी आठ-दहा टेकू करून दिले, खाली टोक काढून. आमची काळी माती तेव्हा लोण्यासारखी झाली होती. संध्याकाळपर्यंत टोक वीतभर आत आणि कपडे चिखलात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना टोकाच्या वर चार बोटांवर तळहाताएवढी गोल पत्र्याची चकती वेल्ड करून दिली. टोक रुततं, चकती थांबवते. तुमच्या मुरमाला टोक ६० मिलिमीटर आणि चकती ८० मिलिमीटर व्यासाची पुरे. फरशीवर वापरायचा असेल तेव्हा मेडिकलच्या दुकानात मिळणारा कुबडीचा रबरी बूट टोकावर बसवा, त्यासाठी टोक म्हणून टोकदार सळईऐवजी कुबडीच्या नळीच्या मापाचा पाईपचा तुकडा तिरका कापून वेल्ड करा. बूट झिजला की आतलं लोखंड फरशी कोरतं, म्हणून वर्षाला बदला. आणि पाईपच्या तळाला ५ मिलिमीटरचं एक भोक ठेवा. वरच्या भोकांतून पाऊस आत जातोच, त्याला बाहेर वाट हवी.

वारा तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही उगाच नाहीत. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो असतो. पसरलेली डबल चादर पावणेतीन चौरस मीटरची, म्हणजे अशा झोतात तिच्यावर टेकूच्या सगळ्या उभ्या भाराहून जास्त आडवा धक्का बसू शकतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, दोरी पूर्वेला ढकलली जाते. तेव्हा टेकूचा पाय पूर्वेच्या बाजूला ठेवा, म्हणजे तो धक्क्याला खांदा देतो. उलट ठेवलात तर पहिल्याच झोतात आडवा होतो.

यापुढचं मात्र कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. टेकू धातूचा आहे आणि पूर्ण वाढवल्यावर आठ फुटांचा होतो. अंगणावरून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर तिच्याखाली टेकू वापरायचाच नाही, आणि कुठेही नेताना आडवा धरून न्यायचा. वलणीला उघडी लोखंडी तार नको. दर पावसाळ्यात आपल्या भागात वलणीच्या तारेत वीज उतरून माणसं जातात. सोललेली वायर पत्र्याला लागते, पत्र्याला तार बांधलेली असते, आणि ओल्या हाताने कपडा टाकणारी बाई जागेवर जाते. वाचवायला धावणाराही जातो. दोरी विजेच्या खांबाला, त्याच्या ताणाला किंवा मीटरजवळच्या पत्र्याला बांधू नका. तुमची नायलॉनची दोरी त्या दृष्टीने बरी आहे, फक्त ती लांबते. बदलायची झाली तर पॉलिएस्टरची घ्या, ओली झाल्यावर फारशी वाढत नाही.

झुकलेला खांब सरळ करायचा तर नुसता उभा करून भोवती काँक्रीट ओतू नका. बाहेरच्या बाजूला तिरका ताण द्या, बागेतल्यासारखा, किंवा खांब दोन फूट खोल मुरमात घ्या. टेकू आल्यावर त्याच्यावरची ओढ एवढी कमी होईल की तेवढं पुरेल.

हे सगळं करण्याआधी एक महिना साध्या बांबूने काढता आला तर काढा. सात-साडेसात फुटांचा भरीव बांबू घ्या, शेंड्याला पेराच्या जरा वर खाच पाडा आणि पेराखाली तार गुंडाळा, म्हणजे तो चिरत जाणार नाही. दोरी खाचेत सुतळीने सैल बांधून ठेवा. पाय आत-बाहेर सरकवायची सवय सासूबाईंना त्यावरच होईल, आणि तुमच्या घराला टेकूची नेमकी लांबी किती लागते तेही कळेल. बांबूवर त्या उंचीला खूण करा आणि तो बांबूच फॅब्रिकेटरकडे घेऊन जा. कागदावरच्या मापापेक्षा तो त्याला लवकर समजेल.